‘व्हायलंट बिहेवियर’ हे दोन शब्द : डिमेंशियाच्या एका फाईलचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

कोल्हापुरातील एका मध्यम आकाराच्या खासगी रुग्णालयात मी वैद्यकीय नोंदी विभाग सांभाळते. विभागात माझ्याखेरीज दोन कोडर आणि फाईली लावणारे एक मामा एवढीच माणसे आहेत. रुग्ण घरी गेला की त्याची फाईल आमच्याकडे येते. निदानांना आंतरराष्ट्रीय रोग वर्गीकरणाचे संकेतांक देणे, कागद पुरे आहेत की नाहीत ते पाहणे आणि विम्याच्या टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेकडून, आलेल्या शंकांना उत्तरे तयार करणे हे आमचे रोजचे काम आहे. पुढे मांडलेल्या प्रकरणात रुग्णाची ओळख पटू नये म्हणून वय, वस्ती आणि घरातील काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि नोंदींमधील शब्द मात्र होते तसेच ठेवले आहेत, कारण सगळा घोळ त्या शब्दांमुळेच झाला होता.

रुग्ण शहात्तर वर्षांचे होते. घरात त्यांना आबा म्हणत, म्हणून येथेही आबाच म्हणते. एका सहकारी साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात त्यांनी चौतीस वर्षे काढली होती. निवृत्तीनंतर काही वर्षे करवीर तालुक्यातल्या आपल्या गावी राहून ते मंगळवार पेठेत मुलाकडे राहायला आले. दोन वर्षांपूर्वी एकच लाइट बिल दोनदा भरणे, रंकाळ्याला फिरायला जाऊन परतीची वाट चुकणे असे प्रकार सुरू झाले, तेव्हा मुलाने त्यांना न्यूरॉलॉजिस्टकडे नेले. स्मृतिचाचणीत तीसपैकी अठरा गुण आले, मेंदूचा एमआरआय झाला, उतारवयात सुरू झालेल्या अल्झायमरच्या डिमेंशियाचे, म्हणजे हळूहळू वाढत जाणाऱ्या विस्मरणाच्या आजाराचे, निदान झाले आणि रात्रीची डोनेपेझिलची गोळी सुरू झाली. रक्तदाबाचा त्रास दहा वर्षांचा होता. भरतीच्या सहा आठवडे आधी रक्तदाबाची गोळी बदलली होती आणि नव्या गोळीत थायाझाइड गटातले लघवी वाढवणारे औषध होते. या गटातल्या औषधांनी म्हाताऱ्या माणसांच्या रक्तातले सोडियम उतरू शकते.

भरतीच्या तीन दिवस आधी आबांचे वागणे एकाएकी बदलले. दिवसा झोप आणि रात्री जाग असा उलटा क्रम सुरू झाला, बोलणे तुटक झाले, नातवाची ओळख पटेना. तिसऱ्या रात्री त्यांनी अंगावरचे कपडे ओढून काढले, सुनेच्या तोंडात मारली आणि आडवायला आलेल्या मुलाला जिन्याशी ढकलले. रात्री एकच्या सुमारास त्यांना आमच्या इमर्जन्सीत आणले गेले. ताप होता, रक्तातले सोडियम १२१ पर्यंत उतरले होते, लघवीत पू पेशी भरपूर होत्या आणि पुढे कल्चरमध्ये ई. कोलाय जंतू वाढला. जनरल मेडिसिनच्या वॉर्डात भरती झाली. पहिल्याच रात्री त्यांनी सलाइन उपसले आणि सिस्टरच्या हाताला चावा घेतला, तेव्हा त्यांचे दोन्ही हात बँडेजने खाटेच्या कठड्याला बांधण्यात आले. दुसऱ्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञ पाहून गेले. लघवी वाढवणारी गोळी बंद झाली, सोडियम हळूहळू वर आणले, प्रतिजैविक सुरू झाले आणि तीन रात्री हॅलोपेरिडॉल या अँटीसायकोटिक (मनोविकारांवरच्या) औषधाचा अगदी कमी डोस दिला गेला. पाचव्या दिवशी आबांनी नातवाला नावाने हाक मारली. सातव्या दिवशी ते घरी गेले.

उपचारांच्या दृष्टीने पाहिले तर हे काम चांगले झाले होते. कागदावर मात्र त्यातले फारसे काही उतरले नव्हते.

अडचण

डिस्चार्ज कार्ड रात्रपाळीच्या आरएमओने, म्हणजे निवासी डॉक्टरने, घाईत तयार केले होते. अंतिम निदानाच्या रकान्यात एकच ओळ होती : ‘सेनाइल डिमेंशिया विथ व्हायलंट बिहेवियर’, म्हणजे हिंसक वागण्यासह म्हातारपणीचा डिमेंशिया. त्याखाली पूर्वेतिहासात ‘के/सी/ओ एचटीएन, डिमेंशिया सिन्स टेन इयर्स, सायकियाट्रिक इलनेस ऑन ट्रीटमेंट’ असे लिहिले होते (के/सी/ओ म्हणजे आधीपासून असलेला आजार, एचटीएन म्हणजे उच्च रक्तदाब). लघवीचा संसर्ग आणि उतरलेले सोडियम निदानात कुठेच नव्हते. तपासण्यांच्या तक्त्यात फक्त आकडे होते, आणि आकड्यावरून निदान ठरवण्याचा अधिकार कोडरला नसतो.

या तीन ओळींनी तीन ठिकाणी अडथळे आणले.

पहिला अडथळा विम्याचा. मुलाने वडिलांसाठी चार वर्षांपूर्वी पॉलिसी घेतली होती आणि अर्जात रक्तदाब लिहिला होता. ‘सिन्स टेन इयर्स’ हे शब्द खरे तर रक्तदाबाबद्दल होते, पण मधल्या स्वल्पविरामामुळे डिमेंशियाही दहा वर्षांचा वाटू लागला. टीपीएची शंका अपेक्षेप्रमाणे आलीच : पॉलिसी घेताना असलेला आजार का लपवला, आणि ही भरती मानसिक आजारासाठी होती का? कॅशलेस मंजुरी थांबली. मुलाने एक एफडी मोडून बिल भरले.

दुसरा अडथळा घरचा. आबांसाठी रात्रीचा माणूस लावायचा म्हणून सुनेने एका ब्युरोकडे चौकशी केली. ब्युरोच्या बाईंनी डिस्चार्ज कार्ड मागितले, वाचले आणि ‘मारहाण करणाऱ्या पेशंटकडे आमची माणसं जात नाहीत’ असे सांगून ते परत दिले. त्या वेळी आबा घरात शांतपणे शेंगा सोलत बसले होते, असे सून मला नंतर म्हणाली.

तिसरा अडथळा आमच्याच टेबलावरचा. विभागातील तरुण कोडरने पुण्यातल्या एका कंपनीत दोन वर्षे अमेरिकी रुग्णालयांच्या फाईलींवर काम केले होते. त्याने सवयीने एफ०३.९११ असा संकेतांक दिला. अमेरिकेने स्वतःसाठी विस्तारलेल्या आवृत्तीत १ ऑक्टोबर २०२२ पासून डिमेंशियाचे संकेतांक फार बारीक झाले आहेत. सौम्य, मध्यम आणि तीव्र अशा पायऱ्यांना ए, बी आणि सी ही अक्षरे मिळाली, आणि चिडचिड, भ्रमिष्ट लक्षणे, मनःस्थितीतील बिघाड, चिंता असे वेगवेगळे कप्पे पडले. त्या पद्धतीत त्याचा संकेतांक उपलब्ध शब्दांना धरूनच होता, कारण तिथे ओरडणे, मारणे, येरझाऱ्या घालणे, दाराबाहेर जाऊ पाहणे हे सगळे ‘अॅजिटेशन’मध्ये, म्हणजे चिडचिडीच्या कप्प्यात, बसते. आमचे रुग्णालय मात्र जागतिक आरोग्य संघटनेची मूळ दहावी आवृत्ती वापरते. त्या आवृत्तीत असा संकेतांक नाहीच, म्हणून आमच्या संगणकाने तो परत फेकला. मग त्याने मूळ एफ०३, म्हणजे प्रकार न सांगितलेला डिमेंशिया, आणि जोडीला आर४५.६, म्हणजे शारीरिक हिंसा, अशी जोडी लावून फाईल माझ्याकडे सहीला पाठवली.

त्याला मी दोष देणार नाही. डिस्चार्ज कार्डावर जे होते तेच त्याने संकेतांकात उतरवले होते.

समोरचे पर्याय

फाईल हातात आली तेव्हा चार वाटा दिसत होत्या. त्यातली एक तर मी पहिल्यांदा वाट म्हणून धरलीच नव्हती.

सर्वांत सोपे होते ते म्हणजे त्या जोडीवर सही करून टाकणे. नोंदीशी ते सुसंगत होते, कुणी बोट ठेवले नसते आणि टेबलावरची फाईल हलली असती. पण एफ०३ हा संकेतांक डिमेंशियाचा प्रकार कळलेला नसताना वापरायचा असतो, आणि आबांचा प्रकार दोन वर्षांपूर्वीच ठरलेला होता. शिवाय प्रकरण अठरामधले ‘आर’चे संकेतांक हे लक्षणांचे असतात. त्या लक्षणामागचे निदान उपलब्ध असेल तर लक्षणाला वेगळा संकेतांक सहसा द्यायचा नसतो. त्या चाव्याला आणि त्या थपडेला कारण होते की नाही, हाच खरा प्रश्न होता.

दुसरी वाट जुन्या ओपीडीच्या कागदांवरून अल्झायमरचा संकेतांक लावण्याची. यात जी३०.१ आणि त्याच्याबरोबर एफ००.१ अशी जोडी येते. खंजीर आणि तारा अशा खुणांची ही पद्धत आहे : मूळ रोगाच्या संकेतांकापुढे खंजीर, त्याच्या आविष्काराच्या संकेतांकापुढे तारा, आणि तारा असलेला संकेतांक कधीही एकटा लावायचा नाही. हे अधिक अचूक होते, पण भरती का झाली याचे उत्तर त्यातूनही मिळत नव्हते. डिमेंशिया दोन वर्षे होता आणि आबा घरी होते. त्या रात्री त्यांना रुग्णालयात का आणावे लागले?

या प्रश्नाला जागतिक संघटनेच्या नियमपुस्तिकेत स्पष्ट जागा आहे. मुख्य आजार म्हणजे उपचारांच्या शेवटी ठरलेली अशी अवस्था, जी त्या वेळच्या उपचारांना किंवा तपासण्यांना प्रामुख्याने कारणीभूत होती. फाईलमधले सगळे कागद वाचल्यावर माझे मत असे झाले की ती अवस्था डिमेंशिया नसून डिमेंशियावर चढलेला डिलिरियम, म्हणजे शारीरिक कारणाने एकाएकी उडणारा मनाचा गोंधळ होती; त्याचा संकेतांक एफ०५.१. तीन दिवसांत झालेला बदल, दिवसभरात कमीजास्त होणारी शुद्ध, एका जागी न टिकणारे लक्ष, आणि मागे संसर्ग व सोडियम ही दोन ठळक शारीरिक कारणे. पण माझ्या मताला इथे किंमत शून्य आहे, आणि ती शून्यच असली पाहिजे. मानसोपचारतज्ज्ञांनी दुसऱ्या दिवशी ‘? डिलिरियम’ असे प्रश्नचिन्हासह लिहिले होते. पुढच्या कोणत्याही पानावर त्या प्रश्नचिन्हाचे काय झाले याचा उल्लेख नव्हता. म्हणून तिसरी वाट उपचार करणाऱ्या डॉक्टरांना लेखी विचारून मगच संकेतांक देण्याची होती. तिला वेळ लागणार होता, आणि डॉक्टरांची नाराजी पत्करावी लागणार होती.

चौथी वाट मुलाने सुचवली. तो केबिनमध्ये आला, दार लोटले आणि हळू आवाजात म्हणाला, “मॅडम, डिमेंशियाचं नाव कागदावरनं काढता येतंय का? नुसतं लघवीचं इन्फेक्शन लिवा. पोरीचं जमायला आलंय, पाहुणे इचारत्यात.” त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती, भीती होती. टीपीएच्या शंकेनंतर त्याला वाटत होते की तो एक शब्द गेला की सगळेच सुटेल. मी नाही म्हटले. खरे निदान वगळलेले कार्ड ही खोटी नोंद ठरते, आणि पुढच्या वेळी दुसऱ्या रुग्णालयात भूल किंवा झोपेचे औषध देणाऱ्या डॉक्टरला ही माहिती नसेल तर आबांच्या जिवावर बेतू शकते. कागदावर काय खरे आहे ते नीट लिहिले गेले तर त्याची बाजू आपोआप मजबूत होईल, एवढे मी त्याला समजावले. त्याला ते त्या क्षणी पटले असे मला वाटत नाही.

काय केले

आधी नोंदी एका कागदावर आणल्या. सात दिवसांतल्या सिस्टरांच्या टिपणांतून आबांच्या वागण्याची प्रत्येक नोंद वेळेसह वेगळी काढली. बऱ्याच नोंदी ‘पेशंट व्हायलंट’, ‘पेशंट अनकोऑपरेटिव्ह’ अशा होत्या आणि त्यांतून काही कळत नव्हते. पण रात्रपाळीच्या एका सिस्टरने, कुणी न सांगता, फार वेगळ्या पद्धतीने लिहिले होते : ‘पहाटे ३.२० ला उठून दाराकडे गेले. कुठं निघालासा विचारल्यावर भोंगा झाला, चारची पाळी हाय, गेटवर जायचं हाय, असे म्हणाले. हात धरून बसवल्यावर चहा घेतला व झोपले.’ पाचव्या आणि सहाव्या पहाटेही तिची अशीच नोंद होती, साडेतीनच्या आसपासची.

साखर कारखान्यात पाळ्या चार, बारा आणि आठला बदलतात. कोल्हापूर जिल्ह्यात हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. टाइम ऑफिसातल्या माणसाला चारच्या पाळीआधी हजर राहावे लागते, आणि आबांच्या अंगात ती वेळ चौतीस वर्षे मुरलेली होती. सुनेला विचारले तेव्हा ती म्हणाली, पहाटे उठून चप्पल शोधणे वर्षभरापासून आहे, त्याचा कुणाला त्रास नाही. हात उगारणे मात्र त्या तीन दिवसांखेरीज कधी झाले नव्हते.

या ठिकाणी प्रकरण उलगडले. ‘व्हायलंट बिहेवियर’ या दोन शब्दांखाली दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या गेल्या होत्या. मारणे, चावणे आणि सलाइन उपसणे हे सगळे पहिल्या तीन दिवसांतले होते, वेळ ठरलेली नव्हती, आणि सोडियम वर येऊन ताप उतरल्यावर ते थांबले. पहाटे दाराकडे जाणे जुने होते, ठरल्या वेळेचे होते, हात धरल्यावर शमणारे होते आणि घरी जातानाही कायम होते. पहिले कशामुळे झाले आणि दुसरे कशाचा भाग आहे, हे ठरवायचे काम डॉक्टरांचे. दोन्ही एकाच शब्दात राहू नयेत एवढे पाहणे मात्र आमचे काम होते.

यानंतर डॉक्टरांना लेखी शंका पाठवली, आणि इथे पहिली चूक माझीच झाली. माझ्या पहिल्या चिठ्ठीत ‘रुग्णास डिलिरियम होता असे लिहिता येईल का?’ असा प्रश्न होता. उत्तर आधीच तोंडात घालणारा हा प्रश्न आहे. त्यावर ‘हो’ लिहून आले असते तर उद्या कुणीही म्हणू शकला असता की विम्याच्या सोयीसाठी नोंदी विभागाने निदान लिहून घेतले. फिजिशियननी ती चिठ्ठी परत पाठवली आणि फोनवर विचारले, “मेडिकल तुम्ही शिकलाय का मी?” मला राग आला होता, पण त्यांचा मुद्दा बरोबर होता, भले त्यांनी तो वेगळ्या कारणासाठी मांडला असेल.

दुसऱ्या चिठ्ठीत मत नव्हते. वेळेसह काढलेल्या नोंदी, सोडियमचे रोजचे आकडे, कल्चरचा अहवाल आणि मानसोपचारतज्ज्ञांचे प्रश्नचिन्ह असलेली ओळ जशीच्या तशी दिली, आणि चार प्रश्न विचारले. भरतीच्या वेळच्या वागण्यातील बदलाचे आपल्या मते कारण काय? दुसऱ्या दिवशीच्या टिपणातील प्रश्नांकित निदान कायम आहे, रद्द आहे की सांगता येत नाही? डिमेंशियाचा प्रकार आणि निदानाचा काळ काय? घरी जाताना कोणते वागणे शिल्लक होते? फिजिशियन या खेपेला स्वतः विभागात आले, वीस मिनिटे फाईल चाळली आणि मानसोपचारतज्ज्ञांशी आमच्यासमोरच फोनवर बोलले.

त्या बोलण्यात आणखी एक प्रश्न सुटला. आमच्या कोडरचे म्हणणे होते की कारखाना चालू आहे असे मानणे हा भ्रम आहे, म्हणून डिमेंशियाच्या संकेतांकाला भ्रमाचा पाचवा अंक द्यावा. मूळ आवृत्तीत एफ०० ते एफ०३ यांना असा पाचवा अंक जोडण्याची सोय आहे : अतिरिक्त लक्षणे नसल्यास शून्य, मुख्यतः भ्रम असल्यास एक, भास असल्यास दोन, उदासी असल्यास तीन, संमिश्र असल्यास चार. मानसोपचारतज्ज्ञांनी ते मान्य केले नाही. आबा सांगितल्यावर ऐकत होते, चहा घेऊन परत झोपत होते. हा घट्ट धरलेला चुकीचा समज नसून काळाचे भान सुटणे आहे, असे त्यांनी सांगितले. त्यामुळे पाचवा अंक दिला नाही. पहाटे उठून बाहेर निघण्यासाठी या वर्गीकरणात नेमकी जागाच नाही, म्हणून ते संकेतांकात न येता कार्डातल्या मजकुरात सविस्तर आले. २०१९ मध्ये संमत होऊन १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत डिमेंशियातील वर्तनबदलांसाठी ६डी८६ हा स्वतंत्र गट आहे आणि त्यात चिडचिड व आक्रमकता एका कप्प्यात, तर भटकणे दुसऱ्या कप्प्यात ठेवले आहे. ती आवृत्ती आमच्या टेबलावर येईल तेव्हा येईल. तोवर मजकूर हाच आधार.

मूळ डिस्चार्ज कार्डात खाडाखोड केली नाही. फिजिशियननी तारीख, वेळ आणि सहीसह पुरवणी टिपण लिहिले. ‘सिन्स टेन इयर्स’ हे शब्द फक्त रक्तदाबाला लागू असल्याचे त्यात स्पष्ट केले आणि न्यूरॉलॉजिस्टच्या पहिल्या ओपीडी कागदाची तारीख दिली. तो कागद सुनेने पत्र्याच्या ट्रंकेतून, रेशनकार्डासोबतच्या पिशवीतून शोधून आणला होता. ‘सायकियाट्रिक इलनेस’ या शब्दांना फाईलमध्ये कोणताही आधार नसल्याचेही नमूद केले. निदानांचा क्रम असा ठरला : डिमेंशियावर चढलेला डिलिरियम एफ०५.१ मुख्य, मग लघवीचा संसर्ग एन३९.० आणि जंतूसाठी बी९६.२, उतरलेले सोडियम ई८७.१, त्यानंतर जी३०.१ व एफ००.१ ही जोडी आणि शेवटी रक्तदाब आय१०. हिंसेचा आर४५.६ गेला.

टीपीएला पाठवलेल्या उत्तराला पुरवणी टिपण, ओपीडीचा कागद आणि पॉलिसीच्या अर्जाची प्रत जोडली. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे आणि त्याच्या कलम २१ मध्ये विमा कंपन्यांनी मानसिक आजारांच्या उपचारांना शारीरिक आजारांच्याच धर्तीवर संरक्षण द्यावे असे म्हटले आहे, याचा उल्लेख एका वाक्यात केला. मुलाच्या एका हितचिंतक वकिलाने सगळे उत्तर त्या कलमावरच उभारावे असा आग्रह धरला होता. मला तो पटला नाही. कायदा आपल्या बाजूचा होता, तरी शंका तथ्याबद्दलची होती, आणि तिला उत्तर तारीख असलेल्या कागदानेच मिळणार होते.

निष्पत्ती

तीन आठवड्यांनी परताव्याचा दावा मंजूर झाला. हातमोजे, डायपर अशा नेहमीच्या न मिळणाऱ्या गोष्टींची रक्कम कापली गेली आणि ती वाजवी होती. सुधारित कार्डातला वर्तनाचा परिच्छेद वाचून ब्युरोने रात्रीचा माणूस पाठवला. त्या परिच्छेदात ‘पहाटे साडेतीनच्या सुमारास उठून बाहेर निघतात, अडवून ओढू नये, हात धरून बसवावे व चहा द्यावा, सध्या मारहाण नाही, अचानक गोंधळ वाढल्यास ताप, लघवी व सोडियम तपासून घ्यावे’ असे साध्या मराठीत लिहिले होते. फिजिशियननी तो परिच्छेद मराठीत लिहू दिला, हे या सगळ्यातले मला सर्वांत आवडलेले.

एक गोष्ट मात्र दुरुस्त झाली नाही. पहिल्या रात्री हात बांधले होते हे बिलातील बँडेजच्या नोंदीवरून आणि सुनेच्या सांगण्यावरून कळत होते. केसपेपरात बांधण्याचा आदेश, कारण, सुरुवातीची वेळ, सोडल्याची वेळ किंवा मनगटांची तपासणी यातले काहीही नव्हते. ड्युटीवरच्या आरएमओने आता आठवून लिहून देण्याची तयारी दाखवली. मी ते घेतले नाही. तीन आठवड्यांनंतर आठवणीतून लिहिलेल्या वेळा अचूक दिसतात, पण त्या खऱ्या असतीलच असे नाही. ‘या कालावधीची नोंद उपलब्ध नाही’ असा शेरा आजच्या तारखेने फाईलला लावला. वैद्यकीय अधीक्षकांना तो शेरा रुचला नाही, पण तो तिथे आहे.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधी, शंका रुग्ण वॉर्डात असतानाच विचारता आली असती. दुसऱ्या दिवशीचे ते प्रश्नचिन्ह आमच्यापैकी कुणी चौथ्या दिवशी पाहिले असते, तर डिस्चार्ज कार्ड लिहिताना उत्तर हाताशी असते आणि मुलाला एफडी मोडावी लागली नसती. आता आम्ही पासष्ट वर्षांवरील, डिमेंशियाची नोंद असलेल्या प्रत्येक भरती रुग्णाची फाईल तिसऱ्या दिवशी वॉर्डातच पाहतो. विभागात माणसे तेवढीच आहेत, त्यामुळे हे दर वेळी जमतेच असे नाही.

डिलिरियमची तपासणी ठरलेल्या पद्धतीने झाली असती तर प्रश्नचिन्ह उरलेच नसते. बदल अचानक आहे का आणि कमीजास्त होतो का, लक्ष टिकते का, बोलणे विस्कळीत आहे का, शुद्धीची पातळी बदललेली आहे का, हे चार मुद्दे पाहायला पाच मिनिटे लागतात. पहिले दोन आणि उरलेल्यांपैकी एक असेल तर डिलिरियमचा संशय पक्का धरतात. इमर्जन्सीच्या कागदावर हे चार चौकोन छापून घ्यावेत असा प्रस्ताव मी दिला आहे.

हॅलोपेरिडॉलच्या नोंदीकडे माझे लक्ष उशिरा गेले. डिमेंशिया असलेल्या वृद्धांत या प्रकारच्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने नव्या औषधांसाठी २००५ मध्ये आणि जुन्यांसाठी २००८ मध्ये दिला होता. औषध देणे चूक होते असे मी म्हणत नाही, ते ठरवणे माझे काम नाही. पण ते का दिले, कुटुंबाला काय सांगितले आणि कधी बंद करायचे, या तीन ओळी केसपेपरात असायला हव्या होत्या. डोस आणि वेळ एवढेच होते.

हात बांधण्याबाबत मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ९७ मध्ये मानसिक आरोग्य आस्थापनांसाठी अटी घातल्या आहेत : तातडीचा धोका टाळण्याचा दुसरा उपाय नसेल तरच, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, गरजेपुरता वेळ, आणि कारण व पद्धतीची नोंद करून. आमच्या जनरल वॉर्डाने ही शिस्त स्वतःहून घ्यावी असे माझे मत आहे. त्यासाठी एक पानाचा तक्ता केला आहे. तो खाटेलाच अडकवायचा, ऑफिसात ठेवायचा नाही, कारण रात्री दीड वाजता ऑफिसातून तक्ता आणायला कुणी जाणार नाही.

वागण्याच्या नोंदीसाठी सिस्टरांना आम्ही नवा शब्दसंग्रह दिला नाही. रात्रपाळीच्या त्या सिस्टरची तीन टिपणे, रुग्णाची ओळख झाकून, नमुना म्हणून वॉर्डात लावली. काय केले, किती वाजता, आधी काय घडले, काय केल्यावर थांबले. तिला विचारले की असे लिहायला कुठे शिकलात, तर ती म्हणाली, “माझी सासू अशीच हाय.”

आबांच्या घरी ब्युरोचा माणूस आठ महिने होता. पहाटेचा चहा तो सव्वातीनलाच ठेवत असे.